नॅनो पावडर घालूनही रबर सुधारत नाही: पांढरे ठिपके, उशिरा क्युअर आणि दर बॅचला वेगळा निकाल

सॅम्पल पास होतं, लॉट फेल जातो. नॅनो सिलिका, नॅनो क्ले, नॅनो झिंक किंवा कार्बन नॅनोट्यूब यांपैकी काहीतरी कंपाउंडमध्ये (रबर आणि त्यात मिसळलेली रसायनं) घालायला लागलेल्या लहान मोल्डिंगवाल्यांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं. लॅबच्या छोट्या मिलवर (दोन फिरत्या रोलांमध्ये रबर कालवणारं यंत्र) तीनशे ग्रॅमची बॅच घेतली तेव्हा टेन्साइल (ओढून तोडायला लागणारा ताण) वाढलं, टेअर (फाटण्याला विरोध) छान आलं, झीज कमी झाली. तीच रेसिपी खाली शॉपमध्ये मोठ्या मिलवर घेतली की हार्डनेस वर जातो, टेन्साइल पहिल्यापेक्षाही खाली येतं, क्युअरला (प्रेसमध्ये तापून रबर पक्कं व्हायला) वेळ जास्त लागतो आणि माल कापला की आत पांढरे ठिपके दिसतात. मधे दोन-तीन लॉट चांगले जातात, सगळ्यांना वाटतं सुटलं एकदाचं, आणि पुन्हा तेच.

आमच्याकडे हे नॅचरल रबराच्या एका मशीन पॅडवर झालं. एन३३० या ग्रेडच्या कार्बन ब्लॅकचं (काजळीचं) साधं कंपाउंड होतं. झीज कमी व्हावी म्हणून शंभर भाग रबराला पाच भाग फ्यूम्ड सिलिका (ज्वाळेत तयार केलेली अतिबारीक सिलिका) घालायचं ठरलं. सॅम्पल पास, पहिला लॉट फेल. त्यावर आम्ही केलं काय, तर पाचाचे आठ भाग केले. आणखी बिघडलं. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो: निकाल आला नाही म्हणून डोस वाढवू नका. गुठळ्या न फुटलेली पावडर आणखी घातली तर आणखी न फुटलेली पावडर मिळते, दुसरं काही नाही.

पोत्यातली पावडर नॅनो नसते

फ्यूम्ड सिलिकाचा मूळ कण ७ ते ४० नॅनोमीटरचा. पण तो एकटा कधीच नसतो. तयार होतानाच असे कण एकमेकांना वितळून चिकटतात, त्यांच्या साखळ्या होतात आणि त्या साखळ्यांच्या पुन्हा गुठळ्या बनतात. पोत्यातून आपल्या हातात येते ती गुठळी, दहा-वीस मायक्रॉनची किंवा त्याहून मोठी. दहा मायक्रॉन म्हणजे दहा हजार नॅनोमीटर. ही गुठळी रबरात तशीच राहिली तर ती मजबुती देत नाही, उलट ताण आला की चीर तिथूनच सुरू होते. टेन्साइल पूर्वीपेक्षा खाली का येतं, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

कार्बन ब्लॅकही काही वेगळा नाही. एन३३० चा मूळ कण तीस नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे रबरवाले शंभराहून जास्त वर्षं नॅनो पावडरच वापरताहेत. ब्लॅक आपल्याला त्रास देत नाही, कारण तो दाण्यांच्या रूपात येतो, रबराशी त्याचं जमतं आणि मिलवाल्यांचा हात त्यावर बसलेला आहे. सिलिकाचं तसं नाही. तिच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना पाणी आवडतं, एकमेकांचा शेजार आवडतो. रबर आवडत नाही.

आता पृष्ठफळाचा हिशोब करू, कारण क्युअर उशिरा का होतो ते त्यात दडलंय. २०० चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या ग्रेडची पाच ग्रॅम पावडर म्हणजे १००० चौरस मीटर. शेताच्या भाषेत जवळजवळ दहा गुंठे. शंभर ग्रॅम रबरात तुम्ही दहा गुंठे जमीन कालवताय आणि त्यात एक-दीड ग्रॅम एक्सलरेटर (क्युअरचा वेग वाढवणारं रसायन) टाकताय. तो एक्सलरेटर त्या जमिनीवर चिकटून बसतो, झिंकही (क्युअरला मदत करणारं झिंक ऑक्साइड) बसतं, आणि गंधकाच्या कामाला, म्हणजे रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधायला, उरतं थोडंच.

आधी ब्लेड मारा, मग रेसिपीकडे बघा

टेन्साइलच्या आकड्यांवर वाद घालण्याआधी हे करा. क्युअर झालेल्या दोन मिलिमीटर शीटचा तुकडा घ्या, नवं कोरं ब्लेड घ्या आणि एका झटक्यात कापा. करवतीसारखं घासू नका, नाहीतर कापण्याच्याच रेघा दिसतील. तीस पटीचं भिंग लावून, उजेड आडवा पडेल असा तुकडा धरा. चांगल्या मिक्सिंगची कड काळ्या काचेसारखी सपाट दिसते. वाईट मिक्सिंगमध्ये उंचवटे आणि खड्डे दिसतात: जिथे गुठळी ब्लेडने उपटली तिथे खड्डा, जिथे ती राहिली तिथे उंचवटा. खड्ड्याच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर निदान झालं. ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी डिस्पर्शन ग्रेडर (पावडर किती विखुरली ते मोजणारं यंत्र) आहे, एएसटीएम या मानक संस्थेची डी२६६३ ही पद्धत आहे. पण रोजच्या कामाला ब्लेड आणि भिंग पुरतं.

दुसरी गोष्ट, आणि ही बहुतेक जण गाळतात: त्याच दिवशी, त्याच मिलवर, तेवढेच पास देऊन नॅनो पावडर न घातलेली एक कोरी बॅच घ्या. नॅचरल रबर मिलवर जितकं फिरवाल तितकी त्याची साखळी तुटत जाते. पावडर खाण्यासाठी तुम्ही दहा मिनिटं जास्त मिलिंग केलंत आणि टेन्साइल पडलं, तर दोष पावडरचा की जास्तीच्या मिलिंगचा? कोरी बॅच नसेल तर हे कळायला मार्गच नाही. आमच्या पॅडच्या बाबतीत अर्धी घसरण मिलिंगची निघाली. आठवडाभर आम्ही पावडरवाल्याशी भांडत होतो.

तिसरं, रिओमीटरचा (क्युअर होताना माल किती घट्ट होत जातो ते मोजणारं यंत्र) आलेख दोन्ही बॅचचा एकावर एक ठेवून बघा. किमान टॉर्क (माल पिळायला लागणारा जोर) बराच वर गेला असेल तर कणांनी आपापसात जाळं केलंय, म्हणजे विखुरणं अपुरं. कमाल टॉर्क कमी आणि टी९० (९० टक्के क्युअरला लागणारा वेळ) लांबला असेल तर एक्सलरेटर पावडरने खाल्ला. आलेख वर जाऊन सपाटच होत नाही, सारखा चढतच राहतो, असं असेल तर मिक्सिंगमध्ये अर्धवट राहिलेलं काम प्रेसमध्ये चालू आहे. आरपीए (रबर पिळून त्याचे गुण मोजणारं यंत्र) ज्यांच्याकडे आहे त्यांनी स्ट्रेन स्वीप, म्हणजे ताण वाढवत नेत मोजणी, घ्यावा: कमी ताणाला मॉड्युलस (कडकपणा) खूप जास्त आणि ताण वाढवला की धपकन खाली, याला पेन इफेक्ट म्हणतात, ही घसरण जितकी मोठी तितकं कणांचं आपापसातलं जाळं घट्ट.

पिठलं आणि मास्टरबॅच

आमच्या मिलवरचे काका एकदा म्हणाले, "साहेब, पावडर रबरात गेली म्हणजे मिसळली असं नसतं." मला तिथेच थांबायला हवं होतं. पावडर नाहीशी होणं ही एक पायरी, ती सगळीकडे सारखी पसरणं ही दुसरी, आणि गुठळी फुटणं ही तिसरी. मिलवर डोळ्यांना फक्त पहिली दिसते.

पिठलं करणाऱ्याला तिसरी पायरी बरोबर कळते. बेसन एकदम उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, आणि मग पाणी वाढवून कितीही ढवळलं तरी त्या नुसत्या पोहत राहतात. म्हणून आधी थोड्या पाण्यात बेसन घट्ट कालवायचं, गुठळ्या तिथेच मोडायच्या, आणि मग पातळ करायचं. रबरातही गुठळी फोडतो तो ताण, आणि ताण घट्ट मालातच चढतो. तेल आधी घातलं, रबर गरम होऊन मऊ पडलं, रोलवरचा रबराचा पट्टा, म्हणजे बँड, सैल झाला, की पावडर त्या मऊ मालात पोहत राहते.

यावरून मिलसाठी काही गोष्टी ठरतात. लॅबच्या मिलवर निप (दोन रोलांमधली फट) अर्धा मिलिमीटर असतो आणि माल कमी, म्हणून सगळा माल निपमधून वारंवार जातो. शॉपमध्ये तोच माल तीन-चार मिलिमीटरच्या निपवर फिरतो आणि वर मालाचा ढीग, म्हणजे मोठी बँक, साचलेली असते. त्या बँकेतला बराच माल नुसताच गोल फिरतो. सॅम्पल आणि लॉटमधला फरक मुख्यतः इथे आहे. पावडर खाऊन झाली की बँक आवरा, निप शक्य तितका आवळा, माल उतरवून टोकावर उभा करून पुन्हा सोडा, असे आठ-दहा पास द्या. रोलचं पाणी चालू ठेवा. रोल तापले की रबर मऊ पडतं आणि ताण गेला. तेल शेवटी, तेही दोन हप्त्यांत.

पण पाच भागांसारखा लहान डोस चाळीस किलोच्या बॅचमध्ये थेट फोडायला जाणं मुळात अवघड. यावर उपाय मास्टरबॅच. शंभर भाग रबरात तीस भाग सिलिका घालून घट्ट, चामड्यासारखा माल आधी बनवा, शक्यतो नीडरमध्ये (बंद मिक्सरमध्ये), वरचा दट्ट्या म्हणजे रॅम दाबून. मग मुख्य बॅचमध्ये पाच भाग सिलिका हवी असेल तर या १३० भागांतले २१.७ भाग घ्या, त्यात १६.७ भाग रबर आलं, म्हणून नवं रबर ८३.३ भाग. स्वतःचा नीडर नसेल तर शेजारच्या युनिटमधून मास्टरबॅच करून घेणं परवडतं. लॉट फेल जाण्यापेक्षा नक्कीच.

सिलेन घातलंय, पण ते कामाला लागलंय का?

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सर्वात जास्त पैसा इथे वाया जातो.

सिलिकाला रबराशी बांधायला सिलेन नावाचं रसायन लागतं. गंधकाच्या कंपाउंडमध्ये बहुतेक वेळा टीईएसपीटी, बाजारात एसआय ६९ म्हणून मागतात ते. त्याचं एक टोक सिलिकाच्या हायड्रॉक्सिलशी जुळतं, दुसरं टोक गंधकामार्फत रबराशी. १९९० च्या दशकात मिशेलिनने कमी इंधन खाणारं टायर आणलं त्यामागे हीच जोडी होती: भरपूर सिलिका आणि सिलेन. पण ती जोडी बंद मिक्सरमध्ये जुळवली होती, आणि तोच मुद्दा आहे. सिलेन आणि सिलिका यांची नीट प्रतिक्रिया व्हायला माल साधारण १४० ते १५५ अंश सेल्सिअसला काही मिनिटं राहावा लागतो. त्यातून इथेनॉल बाहेर पडतं. १६० च्या वर गेलात तर सिलेनमधला गंधक सुटतो आणि माल मिक्सरमध्येच स्कॉर्च (वेळेआधीच क्युअर) व्हायला लागतो.

आता आपली ओपन मिल. रोल पन्नास ते सत्तर अंशांवर, उघड्यावर. तिथे सिलेन ओतलं तर ते मिसळतं, पण प्रतिक्रिया जवळजवळ होतच नाही. ती पुढे प्रेसमध्ये, १५० अंशांना, मोल्ड बंद असताना सुरू होते. इथेनॉल तिथे सुटतं, आणि जाड मालात बुडबुडे येतात. आलेख चढत राहतो, तोही यामुळेच. मालात सच्छिद्रता आली की आपण मोल्डच्या व्हेंटला (हवा जाण्याच्या वाटेला) किंवा बंपिंगला (प्रेस क्षणभर उघडून हवा काढण्याला) दोष देतो. दोन-दोन महिने व्हेंट खोल करत बसलेली युनिटं मी पाहिली आहेत.

तेव्हा तुमच्याकडे फक्त ओपन मिल असेल तर दोनच सरळ मार्ग आहेत. एक, सिलेन आधीच लावलेली सिलिका विकत घ्या. महाग आहे, पण काम झालेलं असतं. दोन, सिलेनचं काम नीडरमध्ये मास्टरबॅचच्या वेळीच उरकून घ्या. नीडरमध्ये क्रमही महत्त्वाचा: रबर, मग सिलिका आणि सिलेन, माल १४५ च्या आसपास तीन-चार मिनिटं धरा, आणि झिंक व स्टिअरिक ॲसिड त्यानंतर. झिंक आधी घातलं तर सिलिकाच्या अंगावरच्या जागेसाठी ते सिलेनशी भांडतं. तापमान नीडरच्या पॅनेलवर वाचू नका. माल खाली पडल्याबरोबर त्यात सुई खुपसून बघा. दोन्हींत बराच फरक निघतो.

प्रमाण? १७५ चौरस मीटरच्या प्रेसिपिटेटेड सिलिकाला (द्रावणातून साका करून बनवलेल्या) तिच्या वजनाच्या साधारण ८ टक्के सिलेन, आणि डीपीजी (एक दुय्यम एक्सलरेटर) साधारण २ टक्के. वीस भाग सिलिकाला १.६ भाग सिलेन आणि ०.४ भाग डीपीजी. पृष्ठफळ वाढेल त्या प्रमाणात दोन्ही वाढवा. डीपीजी दोन कामं करतं: सिलिकाच्या अंगाला चिकटून मुख्य एक्सलरेटर वाचवतं आणि सिलेनच्या प्रतिक्रियेला हातभार लावतं. सिलेनच्या वजनात जवळजवळ २२ टक्के गंधक असतो हेही रेसिपी करताना लक्षात असू द्या.

सिलेन परवडतच नसेल तर डीईजी किंवा पीईजी ४००० (दोन्ही ग्लायकॉल) थोडं घाला. क्युअर ताळ्यावर येईल, माल मऊ चालेल. मजबुतीची गाठ मात्र त्याने बांधली जात नाही, तेव्हा झीज तेवढी कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. गंधकाऐवजी पेरॉक्साइडने क्युअर होणाऱ्या ईपीडीएममध्ये (एक कृत्रिम रबर) टीईएसपीटी नको, तिथे व्हिनाइल सिलेन.

जून ते सप्टेंबर

दर पावसाळ्यात लॉट बिघडतात, दिवाळीनंतर सुधारतात, असा नमुना तुमच्या रजिस्टरमध्ये दिसत असेल तर पोत्याचं तोंड तपासा. अर्धं वापरलेलं पोतं दुमडून, वर वीट ठेवून आठ दिवस पडलेलं असतं. सिलिका हवेतलं पाणी ओढते. दहा ग्रॅम पावडर १०५ अंशांना दोन तास ठेवा आणि वजन करा. प्रेसिपिटेटेड सिलिकात ४ ते ७ टक्के ओलावा नेहमीचा. त्याहून जास्त निघाला तर वाळवल्याशिवाय वापरू नका. फ्यूम्ड ग्रेडमध्ये तर दीड-दोन टक्क्यांच्या वर काही निघता कामा नये. पोतं फोडल्याबरोबर बॅचच्या मापाच्या प्लास्टिक पिशव्या भरून सील करून ठेवणं हा सर्वात स्वस्त उपाय.

याच्याच जोडीचा एक त्रास: सोमवारी केलेला माल शनिवारी कडक झालेला असतो, मोल्डमध्ये नीट वाहत नाही. सिलेनची गाठ बसली नसेल तर सिलिकाचे कण पडल्या पडल्या पुन्हा एकत्र येतात. माल वापरण्याआधी घट्ट निपवर परत चार पास द्या, आणि गंधक-एक्सलरेटर त्याच वेळी घाला. शीटवर मिक्सिंगची तारीख खडूने लिहिलेली असू दे.

बाकीच्या पावडरी, थोडक्यात

नॅनो झिंक: साधं झिंक ऑक्साइड पाच भाग लागतं तिथे हे दीड-दोन भागांत काम करतं, कारण पृष्ठफळ कितीतरी पट जास्त. पाचाला पाच असं बदललं तर पैसे वाया आणि वर गुठळ्या. क्लोरोप्रीनमध्ये (आणखी एक कृत्रिम रबर) मात्र डोस आपल्या मनाने कमी करू नका. तिथे झिंक हाच क्युअरचा भाग आहे, आणि जास्त क्रियाशील झिंकने स्कॉर्चही लवकर येतो.

नॅनो क्ले: मॉन्टमोरिलोनाइटचा एकेक पापुद्रा फक्त एक नॅनोमीटर जाडीचा. पापुद्रे सुटे झाले तर हवा अडवण्यात याला तोड नाही. टेनिसच्या चेंडूला आतून ब्यूटिल रबर आणि क्लेचा लेप देऊन हवा जास्त दिवस टिकवलेली आहे. पण पापुद्रे सुटावेत म्हणून क्लेला अमोनियम मीठ लावलेलं असतं, आणि गंधकाच्या कंपाउंडमध्ये त्याने क्युअर पळायला लागतो. सिलिकाने क्युअर उशिरा, क्लेने लवकर, हे डोक्यात ठेवा. स्कॉर्च टाइम घटला तर आधी एक्सलरेटर कमी करून बघा.

कार्बन नॅनोट्यूब: एक ते तीन भागांत वीज वाहून नेणारं रबर हवं असेल तर उत्तम. फक्त हार्डनेस किंवा मजबुतीसाठी घेत असाल तर आधी ब्लॅकची ग्रेड बदलून बघा, खर्चात फार फरक आहे. आणि कोरडी पावडर मिलवर कधीही ओतू नका, तयार मास्टरबॅचच घ्या. एक कारण गुठळ्या. दुसरं कारण मिलवर उभा असलेला माणूस. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये नॅनोट्यूबसाठी सुचवलेली मर्यादा आठ तासांच्या पाळीला घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम एवढीच आहे. पत्र्याच्या फटीतून ऊन येतं त्या पट्ट्यात फ्यूम्ड सिलिका टाकताना बघा, ती खाली बसतच नाही, तरंगत राहते. रुमाल बांधून हे भागत नाही. मिलवर धूळ ओढणारा हूड, एन९५ किंवा त्याहून वरचा मास्क, आणि झाडूऐवजी ओलं पुसणं.

आमच्या पॅडचं काय झालं

शेजारच्या युनिटच्या नीडरमध्ये मास्टरबॅच केली, सिलेन तिथेच घातलं, १४५ ला धरली. मिलवर निप आवळून दहा पास, तेल शेवटी. कोरी बॅच शेजारी होतीच. ब्लेड मारलं तर कड सपाट, खड्डे नाहीत. आठवरून डोस उतरवत आम्ही चार भागांवर थांबलो, आणि त्या चार भागांनी पाच भागांच्या सॅम्पलएवढी झीज दिली. किंमतही बसली.

त्यानंतर एक लॉट पुन्हा फेल गेला. काकांनी ब्लेड मारून भिंगाखाली धरलं आणि पांढरं दिसल्यावर मास्टरबॅचची पिशवी शोधून काढली. तिच्यावर तारीखच नव्हती. नीडरवाल्याला फोन केला तेव्हा कळलं, त्या दिवशी वीज गेली होती आणि माल १२० वरच खाली काढला होता. आता प्रत्येक मास्टरबॅचसोबत खाली पडतानाचं तापमान लिहिलेली चिठ्ठी येते, आणि चिठ्ठी नसलेली पिशवी काका मिलजवळ येऊ देत नाहीत.